आधी बॅट द्या, मग गुण मोजा

"अंगात गुण असेल तर कोणत्याही बॅटने धावा निघतात," हा उपदेश आम्ही नेहमी ऐकतो. उपदेशकांच्या मुलांकडे मात्र इंग्लिश विलोची बॅट असते!

2021 साली झिम्बाब्वेच्या रायन बर्लने डिंकाने चिकटवलेल्या बुटांचे छायाचित्र जगासमोर ठेवले. लगेच एक कंपनी मदतीला आली. 2022 मध्ये याच बर्लने टाउन्सव्हिलला 10 धावांत 5 बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया हरली. बळी बुटांनी घेतले नाहीत, हे आम्हालाही कळते. पण ज्याचे ध्यान उसवलेल्या तळव्याकडे, त्याचे चेंडूवर कसे राहणार?

कोणी पालवणकर बाळूंचा दाखला देईल. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टी राखत गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करणाऱ्या बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. खरे आहे. पण सरावात चेंडू जिमखान्याचा होता. फलंदाजाला बॅट, पॅड, हेल्मेट स्वतःचे लागते. ढिले पॅड बांधून लेदरच्या चेंडूसमोर उभा राहणारा पोरगा मागे सरकतो, आणि निवडणारे म्हणतात, "भित्रा आहे."

तो भित्रा नाही, साधनहीन आहे. समाजकल्याणच्या वसतिगृहांत मापाचे साहित्य पोहोचलेच पाहिजे, ही आमची मागणी आहे.