हरवलेला ससाणा आणि आपला संशय



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो मजुरी, बोनस आणि संप यांखेरीज दुसरे काय बोलणार, असे श्रोत्यांना वाटते. आजचा माझा विषय ससाण्याचा आहे. परंतु ससाणा हातावर घेऊन हिंडणाऱ्या माणसाचाही तो विषय आहे, आणि हातांची गोष्ट निघाली की ती माझ्या धंद्यातली होते.

माणदेशाला शिकारी पक्षी नवे नाहीत. दहिवडी-म्हसवडच्या माळावर बाभळीच्या शेंड्याला शिक्रा टपून बसलेला दिसतो. कापशी हवेत एका जागी पंख मारीत थांबते आणि दगड पडावा तशी खाली येते. हिवाळ्यात भोवत्या पक्षी गवतावरून तरंगत जातात. कोरड्या, उघड्या माळाचा जुना रहिवासी म्हणजे लग्गड ससाणा. तो आता विरळ झाला आहे. या सगळ्यांत नावाजलेला तो बहिरी ससाणा. उंचावरून सूर मारताना त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जातो. एवढे असूनही 'बाज' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम सुंभाने विणलेली खाट येते! पक्षी पाळून त्यांच्याकडून शिकार करवणारा 'बाजदार' तर आपल्या स्मरणातून पुसूनच गेला आहे.

वास्तविक ही विद्या आपल्या मुलखाला परकी नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य दक्षिण महाराष्ट्रावरही होते. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकीची जी प्रकरणे त्यात आहेत, त्यांत श्येनविनोद म्हणजे ससाण्यांची शिकार हे एक आहे. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याने तर 'श्यैनिकशास्त्र' नावाचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. तो हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली छापून प्रसिद्ध केला. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांच्या यादीतही शिकारखाना आहे. काठेवाडात भावनगर संस्थानात ही विद्या स्वातंत्र्याच्या काळापर्यंत नांदत होती, आणि त्या राजघराण्यातील धर्मकुमारसिंहजी हे पक्षितज्ज्ञ तिचे जाणकार होते.

ही सगळी नावे राजांची झाली. पण पक्षी रात्रंदिवस कोणाच्या मनगटावर होता? राजाच्या हातावर तो शिकारीपुरता घटकाभर येई. त्याला माणसात आणणारा, त्याचे औषधपाणी पाहणारा आणि त्याच्यासाठी जागणारा माणूस हा चाकरीतला मीरशिकार किंवा बाजदार होता. ग्रंथांवर राजांची नावे आहेत. हातावरचे ओरखडे चाकरांचे होते.

हे काम कसे चालते ते आधी समजून घेऊ. बहुतेक गैरसमज ते ठाऊक नसल्यामुळेच होतात. पहिला गैरसमज असा की ससाणा कुत्र्यासारखा मालकावर माया करतो. तसे काही नाही. ससाणा परत येतो तो भुकेच्या हिशेबाने. या हातावर खायला मिळते आणि येथे धोका नाही, एवढेच तो शिकलेला असतो. नवा पक्षी प्रथम माणसाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. मग चामड्याचा हातमोजा घालून त्याला मनगटावर घ्यायचे आणि तासन् तास बसायचे किंवा चालायचे. बाजारातला गलबला, मुलांची ओरड, कुत्र्याचे भुंकणे यांची त्याला सवय करायची. पक्ष्याला बुजू न देता जागत काढलेल्या रात्री हा या धंद्यातला नेहमीचा हप्ता असे.

दुसरा गैरसमज असा की बाजदार पक्ष्याला उपाशी मारतो. उपाशी, अशक्त ससाणा उडेल कसा आणि शिकार करील कशी? खरी कसोटी वजनाची आहे. विटा-आटपाडीकडचे आपले गलाई बांधव सोने जसे काट्यावर पाहतात, तसा चांगला बाजदार पक्षी रोज तोलतो. बहिरी ससाण्याची मादी साधारण किलोभराची असते आणि नर तिच्याहून सुमारे एक तृतीयांशाने लहान. तेवढ्याशा देहात चार-पाच तोळ्यांचा फरक पडला तरी सगळे गणित बदलते. वजन उतरले तर पक्षी खंगतो. वजन वाढले तर त्याला तुमची गरज उरत नाही. तो उंच झाडावर जाऊन बसतो आणि तुम्ही खालून हाका मारीत राहता.

त्याच्या अंगावरच्या वस्तूंचा अर्थही लक्षात घ्यावा. पायांत चामड्याचे मऊ पट्टे असतात, ते हातावर धरून ठेवण्यासाठी. डोळ्यांवरची चामडी टोपी ही शिक्षा नव्हे. दिसत नाही तोपर्यंत ससाणा बिचकत नाही, शांत बसतो. ही टोपी आपण अरबांकडून शिकलो, असे युरोपातील सम्राट दुसरा फ्रेडरिक याने तेराव्या शतकात आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. पायातले घुंगरू शोभेसाठी नसतात. सावज पकडून पक्षी गवतात किंवा झुडपात बसला म्हणजे तो दिसत नाही. घुंगराच्या आवाजावर त्याचा माग काढावा लागतो.

एवढे करूनही पक्षी हरवतो. वजनाचा अंदाज चुकतो. सावजामागे तो दोन टेकड्या ओलांडून जातो. जोराचा वारा त्याला वाहून नेतो. स्थलांतराचा काळ आला की रक्तातली ओढ उठते. हरवलेला पक्षी उपासमारीने मरणारच, असेही नव्हे. रानातून पकडलेला ससाणा स्वतःचे पोट भरू शकतो. हंगाम संपला की पक्षी सोडून देण्याची रीत अरब शिकाऱ्यांत जुनी आहे, आणि अबू धाबीत १९९५ पासून असे ससाणे पद्धतशीरपणे निसर्गात सोडले जात आहेत. खरा धोका असतो पायातल्या दोरीचा. ती फांदीत अडकली की पक्षी उलटा लटकून मरतो. म्हणून पक्षी हरवताच बाजदाराची जी धावपळ होते ती केवळ पैशापोटी नसते. परदेशात आता पक्ष्याच्या अंगावर लहानसे रेडिओयंत्र बांधतात, पायात क्रमांकाचे कडे घालतात, आणि इंग्लंडात तर हरवलेल्या-सापडलेल्या पक्ष्यांची नोंदवहीच ठेवलेली आहे.

या कड्यापाशी आणि यंत्रापाशी आपला तिसरा गैरसमज उभा आहे: हा पक्षी हेर असला पाहिजे! २०१३ साली तुर्कस्तानातील एका खेड्यात ससाण्याच्या जातीचा एक लहान पक्षी लोकांना सापडला. त्याच्या पायातल्या कड्यावर इस्रायलचे नाव होते. लोकांनी तो अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला. पोटात काही यंत्र आहे काय, म्हणून त्याचे क्ष-किरण चित्र काढण्यात आले. काही निघाले नाही, तेव्हा त्याला सोडले. कडे पक्षी-अभ्यासकांनी घातलेले होते.

आपण तुर्कांना हसण्याचे कारण नाही. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूरजवळच्या पीर पाव जेटीवर एक कबुतर सापडले. पायांत कडी होती आणि पंखांखाली चिनीसारखी अक्षरे होती. हेरगिरीच्या संशयाने ते ताब्यात घेण्यात आले आणि परळच्या जनावरांच्या इस्पितळात ठेवले गेले. चौकशीअंती कळले की ते तैवानातले शर्यतीचे कबुतर, वाट चुकून इकडे आलेले. त्याची सुटका जानेवारी २०२४ च्या अखेरीस झाली. सुमारे आठ महिने ते मुके जनावर पिंजऱ्यात होते. सरहद्दीच्या देशाने सावध असावे, हे मला मान्य आहे. परंतु संशय घ्यायला एक क्षण पुरतो आणि तो फिटायला आठ महिने लागतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पक्ष्यांना कडी घालण्याचे काम आपल्याच देशात कितीतरी वर्षे चालू आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ पासून स्थलांतरी पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी योजना चालविली. हजारो पक्षी इजा न करता पकडायचे कोणी? त्यासाठी बिहारमधले मीरशिकार बोलावण्यात आले. पिढ्यान् पिढ्या पक्षी धरून पोट भरणारी ही माणसे. ज्या कसबाला लोक नावे ठेवीत, तेच कसब शास्त्राच्या उपयोगी पडले. मायणीच्या तलावावर उतरणारा पाहुणा पक्षी कोठून येतो, हे आपल्याला अशाच कामातून समजते.

चौथा गैरसमज असा की ससाणे पाळणारा तो पक्ष्यांचा वैरी. अमेरिकेचे उदाहरण पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतात डीडीटीचा मारा झाला. ते विष अन्नातून बहिरी ससाण्याच्या देहात साठले, अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटू लागली, आणि देशाच्या पूर्व भागातून हा पक्षी नाहीसा झाला. तेथे १९७२ साली डीडीटीवर बंदी आली. परंतु बंदीने विष थांबले. गेलेला पक्षी आणायचा कोठून? टॉम केड नावाच्या प्राध्यापकाने १९७० मध्ये संस्था काढली. ते स्वतः बाजदार होते. इतर बाजदारांनी आपले जिवापाड जपलेले ससाणे पिल्लावळीसाठी दिले. पिल्ले उंच जागी पेटीत ठेवून, माणूस दिसू न देता खाऊ घालून, हळूहळू रानात सोडण्याची जी रीत वापरली ती बाजदारांचीच जुनी रीत होती. १९९९ साली बहिरी ससाण्याचे नाव तेथील संकटग्रस्तांच्या यादीतून निघाले.

येथे कोणी म्हणेल, तुम्ही बाजदारांची वकिली करता. तसे नाही. या धंद्यात क्रौर्य होते. नव्या पक्ष्याच्या पापण्या दोऱ्याने शिवून टाकण्याची चाल आपल्याकडेही होती. मोठा ससाणा पकडण्यासाठी बिचाऱ्या लग्गडाला तसेच आंधळे करून आमिष म्हणून उडवीत. आखाती देशांतील धनिकांसाठी ससाण्यांची चोरटी विक्री आजही होते. म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात ससाणा पकडणे व बाळगणे गुन्हा ठरले, ते योग्यच झाले. युनेस्कोने २०१० मध्ये या विद्येला मानवी वारशाच्या यादीत जागा दिली, तरी आपल्या माळावरचा लग्गड माळावरच राहिला पाहिजे. गुन्हा घडला तर करणाऱ्याला जरूर पकडावे. प्रश्न एवढाच की दोष कृत्याला द्यावयाचा की जन्माला?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पक्ष्यावर घेतलेला संशय पक्ष्यापाशी थांबत नाही. तो पक्षी धरणाऱ्या माणसावर जाऊन बसतो. आपल्या मुलखात बाजदार उरला नाही, पण फासेपारधी आहे. केसांचे फासे मांडून तितर-लावे धरणे ही त्याची विद्या. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारध्याचे मूल जन्मतःच गुन्हेगार ठरले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभारून अशा जमातींना कोंडले, आणि तेथलीच माणसे गिरण्यांत कामाला नेली. कामगार चळवळीच्या इतिहासात हे पान आम्हीही फारसे उलटीत नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. तार निघाली, पण मनातले कुंपण? गावात चोरी झाली की पहिली धाड आजही पारध्याच्या पालावर पडते. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या आपल्या धनगरालाही परमुलखात हाच अनुभव येतो. गोदामात एक पोते कमी भरले की प्रथम झडती माथाड्याची होते, हे तर मी तीस वर्षे पाहत आलो आहे. ज्याचे घर एका जागी नाही, ज्याचे कसब आपल्याला समजत नाही, तो चोर, असा आपला हिशेब असतो.

पक्षी धरणाऱ्या हातांवर विश्वास टाकला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाकाठी २०१२ साली अमूर ससाणे जाळ्यांत धरून मोठ्या संख्येने मारले गेले. गावकऱ्यांना नुसते शिव्याशाप देऊन ते थांबले नसते. त्यांच्याशी बोलणी झाली, त्यांना विश्वासात घेतले, आणि पुढच्याच वर्षी तेथली शिकार थांबली. त्याच २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी लहान यंत्रे बसविली आणि त्यांना नागा, वोखा व पांगती ही तिथलीच नावे दिली. ईशान्येकडून आफ्रिकेकडे जाणारे हे पक्षी आपल्या पठारावरूनही जातात.

तेव्हा उद्या माळावर कडे घातलेला, पट्टा बांधलेला किंवा पाठीवर यंत्र असलेला पक्षी दिसला तर काय करावे? दगड मारू नये. दमलेला असला तर पोरांना आणि कुत्र्यांना दूर ठेवावे. दोरी अडकून लटकला असेल तर अंगावर जाड फडके टाकून त्याला सावकाश मोकळा करावा. नख्यांपासून मात्र जपावे. बळेच पाणी पाजू नये, भाकरी चारू नये. त्याला एखाद्या हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावे आणि वन खात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. कड्यावरचा क्रमांक उतरून घ्यावा, कडे काढू नये. त्या कड्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी माणूस त्याची वाट पाहत असतो.

आणि तो पक्षी पारध्याने आणून दिला, तर आधी त्याला बसायला सांगावे, पाणी द्यावे, आणि पक्षी कोठे सापडला ते नीट विचारून घ्यावे. पक्ष्याविषयी त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते.