रोगट पानाचा फोटो ‘शार्प’ करताना घ्यावयाची काळजी

भाताच्या रोगट पानाचा फोटो मोबाईलवरून पाठवून सल्ला घेण्याची सोय आता झाली आहे. फोटो पुसट वाटला की आपण ‘शार्पन’ची पट्टी पुढे सरकवितो आणि पान एकदम स्पष्ट दिसू लागते. परंतु ही स्पष्टता कोठून येते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

फोटो हा लहान लहान ठिपक्यांचा बनलेला असतो. प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला ० ते २५५ असा आकडा असतो. समजा, एका ओळीत डाग व पान यांच्या सीमेवर १००, १००, १००, २००, २००, २०० असे आकडे आहेत. संगणक प्रथम शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून याची पुसट प्रत तयार करतो : १००, १००, १३३, १६७, २००, २००. मूळ आकडे व ही प्रत यांतील फरक तो मूळ आकड्यांत मिळवितो. परिणामी १००, १००, ६७, २३३, २००, २०० अशी ओळ तयार होते. म्हणजे सीमेची काळी बाजू अधिक काळी व उजळ बाजू अधिक उजळ झाली. खाचरातील माती काढून बांधावर टाकली, की चर खोल व बांध उंच दिसतो, तसाच हा प्रकार आहे. नवीन माती कोठूनही आलेली नसते. फोटोत जे टिपलेच गेले नाही, ते शार्पन करून मिळत नाही.

पट्टी जास्त सरकविल्यास डागाभोवती फिकट कडे उमटते. येथेच धोका आहे. भातावरील तपकिरी ठिपके या रोगात डागाभोवती बहुधा पिवळसर वलय असते, तर करप्याचे डाग दोन्ही टोकांना निमुळते व मध्ये राखाडी असतात. खोट्या वलयामुळे निदान चुकू शकते. जमीन कसदार नाही असे समजून युरिया दिला आणि रोग करपा निघाला, तर जादा नत्रामुळे तो अधिकच बळावतो.

यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. फोटो सावलीत, भरपूर उजेडात व हात स्थिर ठेवून काढावा. पडद्यावर डागावर बोट टेकवून मगच बटण दाबावे.

२. संपूर्ण चूड, पानाची वरची बाजू व खालची बाजू असे तीन फोटो घ्यावेत.

३. मूळ फोटो कोणताही बदल न करता पाठवावा. व्हॉट्सअॅपवर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास त्यातील तपशील कमी होत नाही.

४. जातीचे नाव, दिलेली खते व जमिनीचा प्रकार लिहावा. खार जमिनीत क्षारांमुळेही पानांचे शेंडे वाळतात व ते कडा करप्यासारखे भासू शकतात.

शंका राहिल्यास रोगट चूड कागदात गुंडाळून जवळच्या कृषी तज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावी. पनवेल येथे विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र आहे. फवारणीचा निर्णय निदान पक्के झाल्यावरच घ्यावा.