रोलवरचा फोटो, लेखांक ८ : आधी खिसा मोजा, मग उजेड

गेल्या आठवड्यात आपण शटर आणि ॲपर्चर यांचे नाते पाहिले. ते समजले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. रोज जवळ बाळगायला कोणता फिल्म कॅमेरा घ्यावा? या प्रश्नावर मित्रमंडळी लगेच नावे सांगू लागतात, आणि ज्याचे नाव मोठे त्याच्या मागे आपण धावतो. माझे मत असे की नाव सर्वांत शेवटी यावे. त्याआधी दोन गोष्टी मोजून घ्यायच्या: आपल्या खिशात किती जाडी मावते आणि आपल्या रोजच्या वाटेवर किती उजेड असतो. ही दोन उत्तरे हातात आली की बाजारातले बहुतेक कॅमेरे आपोआप बाद होतात आणि दोन-तीनच उरतात.

रोजचा कॅमेरा म्हणजे खास फोटोसाठी बाहेर पडताना घ्यायचा कॅमेरा नव्हे. साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे कामानिमित्त जाताना, सांगलीत आयर्विन पुलावरून कृष्णेचे पाणी किती चढले ते बघायला थांबल्यावर, मिरज जंक्शनवर गाडीची वाट बघताना जो जवळ असतो, तो रोजचा कॅमेरा. जो गळ्यात लटकवावा लागतो, ज्याला वेगळी बॅग लागते, तो आठ-पंधरा दिवसांत कपाटात जाऊन बसतो. म्हणून सुरुवात खिशापासून.

जाडी कुठून येते?

३५ मिमी रोलची डबी सुमारे २५ मिमी व्यासाची असते. ती आत मावलीच पाहिजे, त्यामुळे कॅमेरा तीसेक मिमीपेक्षा फार पातळ होऊच शकत नाही. त्यावर जी जाडी चढते ती लेन्सची.

एसएलआर कॅमेऱ्यात फिल्म आणि लेन्स यांच्यामध्ये आरसा असतो. तो वर-खाली व्हायला मोकळी जागा लागते. पेंटॅक्सच्या के-माउंटमध्ये फिल्मपासून लेन्सच्या बैठकीपर्यंतचे अंतर सुमारे ४५.५ मिमी आहे. याचा परिणाम असा की ३५ किंवा २८ मिमीची लेन्स आरशाच्या आड येऊ नये म्हणून तिची रचना मुद्दाम लांबवावी लागते, काचा वाढतात, वजन वाढते. ४० मिमीच्या आसपासची लेन्स मात्र साध्या रचनेत बसते. म्हणूनच एसएलआरच्या सर्वांत पातळ लेन्स, ज्यांना पॅनकेक म्हणतात, त्या बहुधा ४० ते ५० मिमीच्या असतात. पेंटॅक्सने १९७६ मध्ये एमई कॅमेऱ्यासोबत आणलेली ४० मिमी एफ २.८ ही लेन्स फक्त १८ मिमी जाड आणि ११० ग्रॅम वजनाची आहे. साताऱ्याच्या कंदी पेढ्याएवढीच तिची जाडी. पण खाली ५० मिमी जाडीचा कॅमेरा आहे, हे विसरायचे नाही. दोन्ही मिळून ६८ मिमी होतात आणि वजन पाऊण किलोच्या आत, ५७० ग्रॅमच्या घरात जाते. थंडीतल्या जाकिटाच्या खिशात हे मावेल, सदऱ्याच्या खिशात नाही.

आरसा काढून टाकला की चित्र पालटते. लेन्स थेट फिल्मजवळ नेता येते. जपानी अभियंता योशिहिसा मैतानी यांनी ऑलिंपस एक्सए (१९७९) करताना याचाच फायदा घेतला. त्यांनी लेन्सच्या सहा काचा अशा बसवल्या की ३५ मिमीच्या लेन्सचे पुढचे टोक फिल्मपासून ३५ मिमीपेक्षाही कमी अंतरावर राहते. फोकस करताना लेन्स पुढे येत नाही, आतली काच सरकते. वर सरकते कवच, त्यामुळे वेगळी केस नको आणि हरवायला झाकणही नाही. जाडी ४० मिमी, वजन २२५ ग्रॅम.

जर्मनीच्या हाइन्त्स वास्के यांनी त्याआधीच, १९६६ मध्ये, दुसरा मार्ग काढला होता. त्यांच्या रोलाय ३५ मध्ये लेन्सची नळी काम झाले की आत ढकलायची. बंद कॅमेरा अवघा ३२ मिमी जाड, पण सगळा धातूचा, म्हणून वजन ३७० ग्रॅम. एक शिस्त मात्र पाळावी लागते. रोल पुढे सरकवून शटर चढवल्याशिवाय नळी आत ढकलायची नाही. जबरदस्ती केली तर यंत्रणेला इजा होते.

लेन्सचे तोंड केवढे हवे?

नवा माणूस एफ १.४ चा आकडा बघून हरखतो. जरा भागाकार करून बघू. लेन्सचा मिमीमधला आकडा भागिले एफचा आकडा, म्हणजे प्रकाश आत येण्याचे भोक. ३५ मिमी एफ २.८ साठी ते १२.५ मिमी येते. तीच लेन्स एफ १.४ ची केली तर भोक २५ मिमी होते. भोक दुप्पट झाले की काचा मोठ्या होतात, कडांवरचे दोष काढायला आणखी काचा लागतात आणि लेन्स खिशाबाहेर जाते. खिशातल्या कॅमेऱ्यांच्या लेन्स एफ २.८ ते ३.५ वर थांबतात, ते कंजूषपणामुळे नव्हे, या हिशेबामुळे.

एफ २.८ आणि एफ ३.५ यांतला फरक किती? प्रकाश सुमारे दीडपट. एकावर १/६० सेकंद येत असेल तर दुसऱ्यावर १/४० येईल. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात आरशाचा धक्का नसतो आणि लेन्समधले पात्यांचे शटर हलके असते, त्यामुळे १/४० हातात सहज धरता येतो. कोपर भिंतीला टेकवले तर १/१५ सुद्धा जमतो. एसएलआरवर त्याच वेगाला फोटो हलण्याची धास्ती जास्त.

आपल्या वाटेवरचा उजेड

आता मोजणी. फोनमध्ये मीटरचे एखादे मोफत ॲप घ्या, आयएसओ ४०० लावा आणि आपल्या नेहमीच्या जागी जाऊन आकडे टिपा. भर दुपारी उन्हात साधारण एफ १६ ला १/५०० येईल. ही एक हद्द.

दुसरी हद्द शोधायला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत चला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण फोटोच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे तिथली बसण्याची पद्धत. कारागीर उजेडासाठी दारापाशी बसतो. समोर भोपळा आणि दांडी, आणि बोटांखाली घोडी. घोडी घासून जवारी काढताना तो कानस अगदी हलकी फिरवतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा फिरवतो. दारातून येणारा उजेड त्याच्या हातावर पडतो आणि पाठीमागे भिंतीला टांगलेल्या भोपळ्यांपर्यंत जाता जाता विरतो. अशा जागी आयएसओ ४०० वर एफ २.८ ला १/६० ते १/३० येईल असे धरा. म्हणजे एफ २.८ पुरते, एफ ३.५ ही निभावते, पण फ्लॅश मारला तर ज्यासाठी थांबलो तो उजेडच जातो.

इथेच आणखी दोन आकडे कामी येतात. पहिला, चौकटीची रुंदी. तीन मीटरवर उभे राहिलात तर ३५ मिमी लेन्समध्ये सुमारे ३.१ मीटर रुंदी येते, ४० मिमीमध्ये २.७ आणि ५० मिमीमध्ये जेमतेम २.२ मीटर. अरुंद गल्लीत मागे सरकायला जागा नसते, म्हणून ३५ किंवा ४०. दुसरा, जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो. एक्सए ०.८५ मीटर, रोलाय ३५ ०.९ मीटर, पेंटॅक्सची ४० मिमी ०.६ मीटर, ऑलिंपस म्यू-२ ०.३५ मीटर. कारागिराची बोटे चौकट भरून हवी असतील तर पहिल्या दोघांना ते जमणार नाही. कारागीर त्याच्या दुकानासकट हवा असेल तर चौघेही चालतील.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम बघायचा असेल तर उजेडाबरोबर धुळीचा विचार करा. पोती उलगडली की पिवळी भुकटी हवेत उडते. ज्या कॅमेऱ्याची लेन्स कवचाखाली बंद होते तो इथे सुखात राहतो. आत-बाहेर करणारी नळी मात्र प्रत्येक वेळी पुसूनच आत घ्यावी.

साताऱ्याचा उजेड आणखी वेगळा. श्रावणात यवतेश्वरचा घाट चढताना धुके उतरते. ते अंधारे वाटते, पण मीटरला उजळ दिसते आणि फोटो काळपट येतो. एक्सएच्या तळाला एक छोटी दांडी आहे, ती ठरलेल्या खुणेवर सरकवली की कॅमेरा दीड स्टॉप जास्त प्रकाश घेतो. धुक्यात ती वापरावी. कासच्या पठारावर मात्र खरी अडचण जवळच्या फोकसची. तिथली फुले नखाएवढी असतात. ८५ सेंमीवरून ती फक्त रंगाचा सडा म्हणून येतील. सड्याचाच फोटो हवा असेल तर उत्तम. एकेक फूल हवे असेल तर पेंटॅक्स १७ बघा. २०२४ मध्ये नवा निघालेला हा कॅमेरा सुमारे २५ सेंमीपर्यंत जवळ जातो आणि ३६ च्या रोलवर ७२ अर्ध्या चौकटी काढतो. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून पूर्ण चौकटीला आज तीस-चाळीस रुपये सहज पडतात, तेव्हा निम्मा खर्च ही लहान गोष्ट नाही.

कोणासाठी कोणता?

सदऱ्याच्या किंवा पँटच्या खिशात ठेवायचा आणि प्रकाश स्वतः ठरवायचा, तर एक्सए. त्याला दोन एलआर४४ सेल लागतात, ते घड्याळाच्या दुकानात मिळतात. सेल संपले की कॅमेरा बंद, म्हणून एक जोडी पाकिटात असावी. त्याच्यावर नारिंगी खुणा आहेत: एफ ५.६ आणि ३ मीटर. दोन्ही खुणा जुळवल्या की साधारण दोन ते पाच मीटरमधले सगळे नीट दिसते. बाजारात, जत्रेत, एसटीच्या खिडकीतून पटकन फोटो घ्यायला एवढे पुरे.

सेलची कटकटच नको, तर ऑलिंपस ट्रिप ३५. १९६७ पासून १९८४ पर्यंत निघालेला हा कॅमेरा लेन्सभोवतीच्या सेलेनियमच्या कड्यावर चालतो. उजेड कमी पडला की लाल पट्टी वर येते आणि शटर अडते. त्याला १/४० आणि १/२०० असे दोनच वेग. आयएसओ ४०० वर भर उन्हात १/२०० ला एफ २२ लागतो आणि तीच त्याची शेवटची हद्द आहे. उन्हाळ्यात त्याच्यात २०० चा रोल घालावा. मिरजेच्या दुकानात मात्र तो लाल पट्टी दाखवेल. उन्हातान्हात फिरणाऱ्यासाठी तो चांगला, संध्याकाळी मोकळा होणाऱ्यासाठी नाही.

अंतराचा अंदाज नीट येत असेल आणि हाताने सगळे करायची आवड असेल तर रोलाय ३५. त्याचे शटर सेलशिवाय चालते. मीटरसाठी लागणारा पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल आता निघत नाही आणि १.५ व्होल्टचा घातला तर मीटर चुकीचे सांगते. फोनवरचे मीटर वापरून ही अडचण सुटते.

पावसात बाहेर असणाऱ्यांसाठी म्यू-२. १९९७ चा हा कॅमेरा पाण्याचे शिंतोडे सोसतो आणि वजन जेमतेम १३५ ग्रॅम. फक्त एक सवय लावून घ्यावी. कवच उघडले की फ्लॅश आपोआप चालू स्थितीत येतो, तो दर वेळी बंद करावा लागतो.

आणि काही विकत घेण्याआधी घरातले कपाट उघडा. आपल्याकडे १९९० च्या दशकात घराघरांत कोडॅक केबी-१० आणि याशिका एमएफ-२ होते. त्यांचा फोकस ठरलेला, लेन्स साधी, सेल पेन्सिलचे. अंधारात ते फ्लॅशशिवाय लंगडे पडतात, पण उन्हातला पहिला रोल काढायला पुरेसे आहेत. तो रोल धुऊन आल्यावर आपल्याला नेमके काय कमी पडले ते कळते आणि पुढची खरेदी त्या उणिवेवर बेतता येते.

तेव्हा या आठवड्याचे काम: आपल्या नेहमीच्या कपड्यांचा खिसा पट्टीने मोजा. नेहमीच्या वाटेवरच्या पाच जागा ठरवा, त्यांत एक उन्हातली, एक घरातली आणि एक दिवेलागणीची असू द्या. प्रत्येक ठिकाणी आयएसओ ४०० वर एफ २.८ ला किती वेग येतो ते वहीत लिहा. पाचपैकी चार ठिकाणी १/३० किंवा त्याहून जलद आकडा आला, तर एफ २.८ ची छोटी लेन्स तुम्हाला पुरेल आणि मोठ्या तोंडाच्या लेन्ससाठी जादा पैसे मोजायचे कारण नाही. नाही आला, तर तुमची वाट अंधारी आहे. तुम्ही खिशाचा हट्ट सोडावा, खांद्याला छोटी पिशवी अडकवावी आणि ५० मिमी एफ १.८ लावलेला एखादा लहान एसएलआर घ्यावा. दोन्ही निर्णय बरोबरच आहेत, कारण ते तुमच्या आकड्यांवरून निघालेले असतील.

पुढच्या लेखांकात: जुना कॅमेरा विकत घेताना बुरशी, शटर आणि प्रकाशगळती कशी तपासायची.