तळ्यातल्या माशांचं दुखणं पहाटेच ओळखा



गोठ्यातली गाय वैरणीला तोंड लावीना, की तुमच्या लगेच ध्यानात येते. पण शेततळ्यातले रोहू, कटला, मृगळ पाण्याखाली असतात. त्यांचे दुखणे कळते तेव्हा पुष्कळदा मेलेले मासेच वर आलेले असतात आणि वर्षाची मेहनत वाया गेलेली असते. म्हणून एक सवय लावून घ्या. रोज दिवस उगवायच्या आधी तळ्याला एक फेरी मारा.

पहाटेच का? दिवसा उन्हात पाण्यातले हिरवे शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री हे काम थांबते. शेवाळ आणि मासे दोघेही प्राणवायू वापरत राहतात. पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर दुखणे पाण्याचे आहे असे समजा. त्या दिवशी खाद्य आणि शेणखत बंद ठेवा. तळ्याचेच पाणी पंपाने उचलून उंचावरून फवाऱ्यासारखे परत पाडा.

ढगाळ दिवसांत जास्त जपा. उन्हाळ्यात पिकाला पाणी उपसले की तळ्यात माशांची दाटी होते. मोठे मासे वेळीच काढून विका.

पाणी कसे पारखावे? हात कोपरापर्यंत बुडवा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी फार हिरवे झाले आहे. शेण टाकणे थांबवा.

मासे कडेला अंग घासतात, उड्या मारतात? एक मासा धरून पाहा. अंगाला चपट्या, गोल उवा चिकटलेल्या दिसतील. या उवा टणक वस्तूंवर अंडी घालतात. पाण्यात बांबू उभे करा, आठवड्याने काढून कडक उन्हात वाळवा व पुन्हा लावा. पिकावरचे कीटकनाशक मात्र तळ्यात कधीही टाकू नका. फवारणीचा पंपही तळ्यात धुऊ नका.

थंडीत अंगावर लाल चट्टे, मग खोल जखमा दिसल्या, तर तो व्रणाचा रोग असू शकतो. आपल्या देशात तो 1988 साली आला. मरळ आणि मृगळ यांना तो लवकर धरतो. मातीच्या तळ्यात पावसाळा संपताच गुंठ्याला साधारण दोन किलो चुना, विरवून गार करून, दोन-तीन हप्त्यांनी टाका. आधी पाण्याचा सामू तपासा. साडेआठच्या वर असेल तर चुना नको.

रोग बाहेरूनही येतो. नवे बोटुकली आणले, की पिशवी वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवा. मग दहा लिटर पाण्यात 200 ग्रॅम मीठ घालून त्यात दोन मिनिटे बुडवा. बोटुकली कलंडू लागली तर लगेच काढा. शेजाऱ्याचे जाळे उन्हात वाळवल्याशिवाय आपल्या तळ्यात टाकू नका. मेलेला मासा तळ्यात राहू देऊ नका. दूर खड्ड्यात चुना टाकून पुरा.

एवढे करूनही मासे मरत असतील, तर दुकानदाराच्या सांगण्यावर औषध ओतू नका. आजारी पण जिवंत मासा आणि बाटलीभर पाणी घेऊन जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा.

तर मंडळी, उद्या पहाटे तळ्यावर जायचं बरं का!