तळपायाची झिजलेली गादी

फरशीवर अनवाणी पाऊल टाकावे आणि खडा रुतल्यासारखी कळ यावी. पाहावे तो खडा नाहीच! वाचकहो, हा खडा म्हणजे आपलेच हाड. टाचेखाली आणि चवड्याखाली निसर्गाने चरबीची गादी घातलेली असते. वयोमानाने, कधी स्टेरॉइडच्या वारंवार घेतलेल्या इंजेक्शनांनी ती झिजते. अमेरिकेत पिट्सबर्गच्या शल्यविशारदांनी रोग्याच्याच अंगावरची चरबी शोषून ती पिचकारीने चवड्यात भरली. २०१६ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर गादी फारशी जाड उरली नव्हती, दुखणे मात्र कमी झाले होते! पण शस्त्रक्रिया ही शेवटची पायरी. पहिली पायरी मऊ तळाची चप्पल. तेव्हा आजी चपलांसह उंबरठा ओलांडून आल्या, तर रागावू नका!