अर्ध्यावर मिटलेली 'मंजुघोषा'

हाती घेतलेले पुस्तक शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे, असे आपल्याकडे मानले जाते. ताटात वाढलेले अन्न टाकू नये, तसेच. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' मी मात्र निम्म्यावर मिटून ठेवली. असे का झाले हे सांगायचे, तर मराठी कादंबरीच्या बाळपणाविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे.

ही कादंबरी १८६८ सालची. तिच्याआधी १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली होती. या कादंबऱ्यांचा साचा ठरलेला असे : रूपवान तरुण, लावण्यवती तरुणी, विरह, दुष्टांची कारस्थाने आणि अडचण आली की धावून येणारा योगायोग. प्रेम आणि अद्भुत दोन्ही एकत्र मिळणार म्हणून मी उत्साहाने वाचू लागले. पण अलंकारांच्या ओझ्याखाली नायिका दिसेनाशी होते. तिचे काय होणार याची काळजीच वाटत नाही, आणि काळजी वाटली नाही की पान उलटत नाही.

वाचक म्हणतील, तुला राजाराणीच्या गोष्टीच आवडत नसतील. तसे मुळीच नाही. आमच्या पेडण्यात जत्रेला दशावतारी काला होतो. त्यातही राजे, राक्षस, शाप आणि वरदाने असतात. राणीचे सोंग पुरुषच घेतो, हेही सर्वांना ठाऊक असते. तरी माणसे पहाटेपर्यंत बसून राहतात. संहिता लिहिलेली नसते, संवाद नट जागच्या जागी रचतात. प्रसंग लांबला आणि मंडळी खाज्याच्या दुकानाकडे वळू लागली, की चतुर नट बोलणे आवरते घेतो. छापील पुस्तकाला समोरचा वाचक उठून गेलेला दिसत नाही. माझी तक्रार चमत्काराविषयी नाही, हे यावरून ध्यानात यावे.

गंमत अशी की, या पुस्तकाची प्रस्तावना मी दोनदा वाचली. रिसबुडांनी तीत आपली अडचण मोकळेपणाने मांडली आहे. आपल्या लोकांतील लग्नाच्या चालीमुळे व इतर कारणांमुळे रोजच्या आयुष्यात मनोवेधक असे काही सापडत नाही, म्हणून रंजक पुस्तक लिहायचे तर अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांचा आशय आहे. खरेच होते ते! आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न वडीलधारे ठरवीत, तेथे प्रेमकथा घडणार कोठून? म्हणून लेखकाला राजवाडे उभारावे लागले.

मात्र ज्या घरांत लिहिण्यासारखे काही नाही असे रिसबुडांना वाटले, त्याच घरांत हरिभाऊ आपटे शिरले. 'पण लक्षात कोण घेतो!' ही त्यांची कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. तिच्यातील यमू स्वतःच आपली हकीकत सांगते : बालपण, लग्न, सासर, वैधव्य. विमान नाही, गंधर्व नाही. पण तिच्या सासरचे दार उघडले की आपला जीव धास्तावतो. दोन पुस्तकांत अवघे बावीस वर्षांचे अंतर.

डिचोलीच्या माझ्या एका मैत्रिणीला हे पटत नाही. जुने पुस्तक जुन्या डोळ्यांनी वाचावे, असे ती म्हणते. तिने 'मंजुघोषा' पुरी वाचली आहे आणि शेवटी काय होते ते सांगायला ती केव्हाही तयार असते. मी अजून विचारलेले नाही.