ऐतिहासिक स्थानकाची प्रतिकृती : नेरळचे उदाहरण

आगगाडीचे आकर्षण नसलेले मूल विरळाच. आगपेट्या एकापुढे एक मांडून तोंडाने शिट्टी वाजविणारे मूल खेळत असते, आणि त्याच वेळी पाहिलेल्या गोष्टीची पुनर्रचनाही करीत असते. या स्वाभाविक प्रवृत्तीस योग्य वळण दिल्यास तिच्यातून गणित, भूगोल, इतिहास आणि हस्तव्यवसाय या चारही विषयांचे शिक्षण साधता येते. त्यासाठी खेळण्यातील गाडी पुरेशी नाही. प्रत्यक्षात असलेल्या एखाद्या जुन्या स्थानकाची, मोजून-मापून केलेली प्रतिकृती हाती घ्यावयास हवी.

खेळणे आणि प्रतिकृती यांतील भेद शिक्षकांनी आरंभीच स्पष्ट करावा. जर्मनीतील मार्क्लिन या कारखान्याने १८९१ मध्ये खेळण्यांच्या रुळांमधील अंतरे ठरवून दिली, तेव्हापासून अशा गाड्या जगभर पसरल्या. खेळण्यातील गाडी कोणत्याही गावाची असू शकते. प्रतिकृती मात्र एका ठिकाणाची आणि एका काळाची असते. ती पाहणाऱ्यास "येथे हे असे होते" असे सांगत असते, आणि म्हणून तिच्यावर खरे सांगण्याची जबाबदारी येते.

या जबाबदारीचे एक उत्तम उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. ऑस्ट्रेलियातून तेथे आलेल्या रॉय इंग्लंड या गृहस्थांनी ऑक्सफर्डजवळच्या खेड्यांतील गवताने शाकारलेली जुनी घरे नाहीशी होत असल्याचे पाहिले. त्यांची मापे घेऊन त्यांनी हुबेहूब लहान घरे करण्यास प्रारंभ केला. या उद्योगातून पुढे पेंडन येथील संग्रहालय उभे राहिले, आणि १९२० ते १९४० या दरम्यानचे ग्रामजीवन व रेल्वे तेथे जतन झाली. आपल्याकडे पुण्यात कोथरूड भागात लघु रेल्वेचे एक संग्रहालय १९९८ पासून आहे. सहलीच्या निमित्ताने मुलांना ते दाखविता येईल.

स्थानकाची निवड

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील नेरळ हे स्थानक या उपक्रमास विशेष अनुकूल आहे. तेथे दोन निरनिराळ्या रेल्वे शेजारी शेजारी नांदतात. मुंबईकडून येणारा मुख्य मार्ग कल्याणच्या पुढे पळसदरीपर्यंत १८५६ मध्ये खुला झाला. बोरघाटातून लोहमार्ग पूर्ण होण्यास त्यानंतर १८६३ साल उजाडले. नेरळहून माथेरानला जाणारी लहान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधविला. त्यास सुमारे सोळा लाख रुपये खर्च आल्याचे सांगतात. त्यापूर्वी माथेरानला जाणारे लोक पायी, घोड्यावरून किंवा पालखीतून डोंगर चढत असत.

ज्या शाळांना नेरळ दूर पडते त्यांनी आपल्या जवळचे स्थानक निवडावे. बार्शी लाइट रेल्वेमुळे प्रसिद्धीस आलेले कुर्डुवाडी, अरुंद मार्गाचे मूर्तिजापूर, किंवा तालुक्यातील कोणतेही जुने दगडी स्थानक चालेल. पद्धती सर्वत्र एकच आहे.

काळ निश्चित करणे

"कोणते स्थानक?" या प्रश्नाइतकाच "कोणत्या वर्षीचे स्थानक?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे. समजा, वर्गाने १९२० हे वर्ष निवडले. मग मुख्य मार्गावर विजेचे खांब व तारा दाखविता येणार नाहीत, कारण कल्याण ते पुणे या मार्गावर विजेची गाडी १९३० च्या सुमारास आली. दोन्ही मार्गांवर वाफेची इंजिने हवीत, आणि त्यांच्यासाठी कोळसा व पाणी यांची सोयही हवी. "मध्य रेल्वे" अशी पाटी लावता येणार नाही. मध्य रेल्वे १९५१ मध्ये स्थापन झाली. त्यापूर्वी हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या नावाने चालत असे. जिल्ह्याचे नावही १९८१ पर्यंत कुलाबा होते, हे जुने कागद शोधताना ध्यानी ठेवावे.

अशा रीतीने एकेक वस्तू "ही तेव्हा होती काय?" या कसोटीस लावताना मुले इतिहासाचा खरा अभ्यास करू लागतात. सनावळी पाठ करणे आणि चुकीच्या वर्षी उभा केलेला विजेचा खांब आपल्याच हाताने काढून टाकणे, यांतील दुसरी गोष्ट मुलांच्या मनात अधिक काळ टिकते.

माहितीचे संकलन

स्थानकास भेट देण्यापूर्वी स्टेशनमास्तरांची अनुमती घ्यावी. मुलांनी फलाटावरूनच निरीक्षण करावे. रुळांवर कोणीही उतरू नये. मुख्य मार्गावरील तारांतून उच्च दाबाची वीज वाहते, यास्तव लांब काठ्या किंवा पट्ट्या बरोबर नेऊ नयेत.

मापे घेण्याच्या सोप्या रीती मुलांना आधी शाळेच्या अंगणात शिकवाव्यात. प्रत्येकाने आपल्या दहा पावलांचे अंतर मोजून ठेवावे, म्हणजे फलाटावरील लांबी पावलांनी काढता येते. भिंतीची उंची काढण्यासाठी दगडाच्या एका थराची उंची मोजून थर मोजावेत. झाडाची किंवा खांबाची उंची सावलीवरून काढावी. एक मीटरच्या काठीची सावली ८० सेंटीमीटर आणि खांबाची सावली ४ मीटर असेल, तर खांब ५ मीटर उंच होय. त्रैराशिकाचा हा पाठ फळ्यावरील उदाहरणापेक्षा कितीतरी सजीव होतो.

याशिवाय गावातील वृद्ध माणसे, निवृत्त रेल्वे कामगार, घरोघरी असलेली जुनी छायाचित्रे व जिल्हा गॅझेटियर यांतून माहिती मिळवावी. प्रत्येक गोष्ट कोठून कळली याची नोंद वहीत करावी. दोन माणसांच्या आठवणी परस्परविरुद्ध निघाल्यास दोन्ही लिहून ठेवाव्यात आणि छायाचित्राने निर्णय होतो काय ते पाहावे.

प्रमाण

शाळेच्या कामास १ : ५० हे प्रमाण सोयीचे आहे. प्रत्यक्षातील १ मीटर म्हणजे प्रतिकृतीतील २ सेंटीमीटर, हा हिशेब पाचवीचा विद्यार्थीही तोंडी करू शकतो. काही मापे अशी येतात :

मुख्य मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, प्रतिकृतीत ३३.५ मिलिमीटर.
माथेरानच्या गाडीच्या दोन रुळांमधील अंतर ६१० मिलिमीटर. प्रतिकृतीत सुमारे १२ मिलिमीटर.
दोन मीटर उंचीचा दरवाजा; प्रतिकृतीत ४ सेंटीमीटर.
१६५ सेंटीमीटर उंचीचा माणूस, प्रतिकृतीत ३.३ सेंटीमीटर.

प्रथम माणूस तयार करावा आणि तो सर्वत्र उभा करून पाहावा. दारातून त्यास वाकावे लागत असेल, तर माप चुकले असे मुले आपण होऊन ओळखतात.

२४० सेंटीमीटर लांब व १२० सेंटीमीटर रुंद अशा फळीवर १२० मीटर लांब व ६० मीटर रुंद एवढाच भूभाग मावतो. उलट, नेरळ ते माथेरान हा सुमारे २१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग याच प्रमाणात करावयाचा म्हटल्यास ४२० मीटर जागा लागेल! अडीचशे मीटर लांबीचा फलाटदेखील ५ मीटर होईल. यास्तव स्थानकाची इमारत, दोन्ही मार्गांचा थोडा भाग आणि डोंगराकडे वळणाऱ्या लहान मार्गाचा आरंभ एवढेच घ्यावे. फलाट आखूड करणे भाग पडल्यास उंची व रुंदी मात्र प्रमाणातच ठेवावी, आणि "जागेअभावी फलाटाची लांबी कमी केली आहे" अशी चिठ्ठी प्रतिकृतीजवळ लावावी. ज्यात तडजोड केली ते उघडपणे सांगणे हेही खरेपणाचेच अंग आहे.

चढ आणि वळणे

मुख्य मार्ग बोरघाटात चढतो तेथे सर्वांत तीव्र चढ ३७ स १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर मार्ग १ मीटर उंच होतो. माथेरानच्या मार्गावर हा चढ २० स १ असा आहे. १२० सेंटीमीटरच्या दोन फळ्या घेऊन एकीचे टोक सव्वातीन सेंटीमीटर व दुसरीचे ६ सेंटीमीटर उचलून ठेवावे. दोन्हींवरून गोटी सोडल्यास फरक तत्काळ दिसतो. गुळगुळीत लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड फार थोडी असते. म्हणून बैलगाडीस सहज वाटणारा चढही आगगाडीस अवघड जातो.

मार्ग नागमोडी का, याचे उत्तरही येथेच मिळते. नेरळ व माथेरान यांच्या उंचीत सातशे मीटरांहून अधिक अंतर आहे. २० स १ या चढाने ७०० मीटर उंची गाठण्यास निदान १४ किलोमीटर मार्ग हवा. दोन गावांमधील सरळ अंतर मात्र रेल्वेमार्गाच्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी आहे. सबब मार्गास डोंगराच्या अंगावर वळणे घेत लांबी मिळवावी लागते. दोन रुळांमधील अंतर कमी ठेवण्याचे कारणही हेच. अरुंद मार्ग तीव्र वळण घेऊ शकतो, आणि त्यासाठी डोंगर कमी कापावा लागतो. येथील काही वळणांची त्रिज्या वीस मीटरांहूनही कमी आहे. म्हणजे १ : ५० प्रमाणात दोऱ्याने ४० सेंटीमीटरपेक्षा लहान त्रिज्येचा कंस काढावा.

अशा वळणावर सहा चाकांचे ताठ इंजिन अडकेल. त्यासाठी जर्मनीतील ओरेन्स्टाइन आणि कॉपेल या कारखान्याने बांधलेल्या चार इंजिनांत पुढचा व मागचा आस किंचित बाजूस सरकू शकेल अशी रचना केली होती. पुठ्ठ्याच्या गाडीस तीन आस लावून ती वळणावर चालवून पाहावी. मग पुढील व मागील आसांची भोके लांबट करून पुन्हा चालवावी. अडकणारी गाडी वळताना पाहून मुलांना जो आनंद होतो, तो शोधाचा आनंद होय. या चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे.

साहित्य आणि कृती

महाग वस्तू आणण्याचे कारण नाही. इमारतीसाठी जाड पुठ्ठा, रुळांसाठी बांबूच्या बारीक कामट्या किंवा जुनी तार, लहान मार्गाच्या स्लीपरांसाठी आगपेटीच्या काड्या, खडीसाठी चाळलेली वाळू, गवतासाठी रंगविलेला लाकडाचा भुसा आणि झाडांसाठी वाळलेल्या झुडपांच्या डहाळ्या पुरतात. रुळांमधील अंतर सर्वत्र सारखे राहावे म्हणून पुठ्ठ्याची ठरीव मापाची पट्टी कापून ती रुळांमध्ये सरकवीत जावे. खळीस कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याचा प्रघात आहे. तो विषारी असल्याने शिक्षकांनी स्वतःच मिसळावा व मुलांस हात धुण्यास सांगावे. धारदार चाकूचे कामही वडील विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमक्ष करावे.

डोंगरासाठी कामट्यांचा सांगाडा बांधून त्यावर खळीत भिजविलेल्या वर्तमानपत्राचे चार-पाच थर द्यावेत. वाळल्यावर मातीचा हात फिरवावा. हे काम एप्रिलच्या उन्हात चांगले होते.

डोंगर आणि पाणी

सह्याद्रीतील रेल्वे दाखवावयाची आणि पाऊस विसरावयाचा, असे चालणार नाही. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत माथेरानचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला, आणि गाडी पुन्हा धावण्यास २००७ साल उजाडले. २०१९ च्या पावसाळ्यातही मार्गाची हानी होऊन नेरळपासूनची गाडी बंद पडली. ती २०२२ मध्ये पूर्ववत् झाली.

हे समजण्यासाठी अंगणात मातीचा एक वेगळा उतार करावा. त्यावर आडवा मार्ग कोरून झारीने पाणी सोडावे. पाणी मार्गाच्या वरच्या अंगास साचते, भराव भिजतो आणि खचतो. नंतर वरच्या बाजूस चर काढून मार्गाखालून पोकळ बांबूची मोरी घालावी व पुन्हा पाणी सोडावे. या वेळी मार्ग बराच काळ टिकतो. मोरी हा शोभेचा भाग नसून मार्गाचा प्राण आहे, हे मुलांस दहा मिनिटांत कळते. शेताच्या बांधावरही हाच नियम लागू आहे, हे त्यांच्या घरची माणसे सांगतील.

माणसांस विसरू नये

इंजिन आणि इमारत पूर्ण झाली म्हणजे काम संपले, असे पुष्कळांस वाटते. परंतु स्थानक माणसांमुळे चालते. रुळांची तपासणी करणारा गँगमन, सांधेवाला, कोळसा टाकणारा, सामान वाहणारा हमाल, डोंगरातील वाड्यांतून मोळ्या घेऊन उतरणारे ठाकर व कातकरी बंधुभगिनी यांच्या मूर्ती प्रतिकृतीत असाव्यात. प्रत्येक मुलाने एक मूर्ती करावी आणि त्या माणसाचा दिवस कसा जात असेल यावर दहा ओळी लिहाव्यात. भाषेचा अभ्यास त्यातच होतो.

समारोप

हा उपक्रम एका सत्रात विभागून घ्यावा. पहिल्या महिन्यात माहिती व मापे, दुसऱ्यात आराखडा, पुढील दोन महिन्यांत बांधणी आणि अखेरीस गावकऱ्यांसाठी प्रदर्शन, असा क्रम ठेवल्यास नित्याच्या पाठांत खंड पडत नाही. प्रदर्शनात माहिती मुलांनीच सांगावी. एखाद्या वृद्धाने "हे असे नव्हते" म्हटल्यास त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे आणि पडताळून प्रतिकृती दुरुस्त करावी.

जुनी स्थानके बदलत आहेत, आणि सोयीसाठी ती बदलणे योग्यही आहे. परंतु जे बदलले ते पूर्वी कसे होते, हे सांगू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत जातात. त्यांच्या आठवणी आणि मुलांची मोजपट्टी यांची गाठ वेळीच घालून दिल्यास शाळेच्या एका कोपऱ्यात, एका फळीवर, गावाच्या इतिहासाचा एक विश्वसनीय तुकडा सुरक्षित राहील.